थोरलीचं औषध

ऑपरेशनची गुंगी उतरली आणि धाकटीने पाय दुखतोय म्हणून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. नर्स इंजेक्शन घेऊन आली, तर तिची आई, म्हणजे माझी बहीण, आडवी उभी राहिली.

"दुखण्याचं औषध द्यायचं नाही. आमच्या रक्ताला ते चालत नाही."

बहिणीच्या नाकावर कधी माशी बसली नाही, पण हा तोरा नव्हता. थोरलीचे टॉन्सिल काढले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच सिरप तिने दिलं होतं. पोरगी घोरायला लागली. दुखायचं थांबलं म्हणून हिला कोण आनंद! सगळ्यांना दटावत फिरत होती. मी दारात आले तर म्हणाली, "हळू बोल गं, आत्ता कुठे डोळा लागलाय." थोरली उठलीच नाही. काही मुलांच्या शरीरात त्या औषधाचं भराभर मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो, हे आम्हाला नंतर कळलं. जळो मेलं ते नंतरचं शहाणपण.

डॉक्टरीणबाई आल्या आणि चक्क स्टूल ओढून बसल्या.

"थोरलीला दिलं होतं ते सिरप आता मुलांना देतच नाहीत. शिवाय हिच्या जनुकांचा रिपोर्ट आत्ताच आलाय. हिच्या शरीरात त्याचं मॉर्फिन जवळजवळ होतच नाही. ते दिलं असतं तर पाणी पाजल्यासारखं झालं असतं. आता थेट मॉर्फिनच देऊ, थोडं थोडं, श्वासावर लक्ष ठेवून."

"अहो, सख्ख्या बहिणी आहेत त्या!"

"असू देत. आईवडिलांकडून दोघींना वेगवेगळं आलंय."

"आई, देऊ दे ना गं," धाकटी कळवळली. बहीण बाजूला झाली.

हळूहळू पोरीच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. पापण्या मिटायला लागल्या, तशी बहिणीने तिचा गाल थोपटला.

"बोल ना माझ्याशी. शाळेतलं काहीतरी सांग."

धाकटी काहीतरी पुटपुटली आणि पेंगली. बहिणीने तिला हलवलं. मी हात धरला, तर तो झिडकारला. नर्सने यंत्रावरचे आकडे दाखवले, सगळं छान चाललंय म्हणाली. बहिणीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, झोपू दे ना. आता दुखत नाहीये."

"झोपू नकोस गं," बहीण म्हणाली. "रड हवं तर. मोठ्याने रड, बाळा."