त्या रस्त्यावरची एकच सायकल

काचबिंदूने गुरुदासचा डावा डोळा गेला, तेव्हा म्हापशाच्या डॉक्टरांनी त्याला बजावून सांगितलं, "स्कूटर आता बंद. उजवा डोळा तरी राखायला हवा."

गुरुदासने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि उठता उठता विचारलं, "आणि सायकल?"

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. "सायकल... चालवा. पण हळू. आणि उजेड असेपर्यंतच."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सुविधाला वाटलं, डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून टाकायला हवं होतं.

त्यांचं घर विर्नोड्याला. गुरुदास पेडण्याच्या बाजारात सगुणबाबच्या हार्डवेअरच्या दुकानात लग्नाच्या आधीपासून कामाला होता. सुविधा गावातल्या अंगणवाडीत बाई. तिची स्वतःची स्कूटर होती, त्यामुळे सुरुवातीला तीच त्याला सकाळी दुकानात सोडायची आणि संध्याकाळी आणायची. तिला त्याचा त्रास नव्हता. उलट लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा रोज मागे बसतो, याचं तिला थोडं हसूच यायचं. गुरुदासला मात्र ते झेपेना. दुकानातून निघताना आधी फोन करायचा, ती येईपर्यंत रस्त्याकडे बघत उभं राहायचं. वाटेत कोणी भेटलं तरी थांबायचं नाही, कारण तिला घरी जाऊन भात लावायचा असायचा.

एका रविवारी त्याने मागच्या पडवीतून पल्लवीची सायकल बाहेर काढली. पल्लवी ही त्यांची मुलगी, आता लग्न होऊन फोंड्याला असते. सायकल ती आठवीत असताना घेतलेली, जांभळी, पुढे तारेची टोपली. गुरुदासने चाकांना तेल घातलं, ट्यूब बदलून आणल्या, सीट उंच केली.

"ही घेवन जातल्यात तुमी बाजारात?" सुविधाने विचारलं.

"कित्या? टोपलीत डबो ऱ्हवता."

"लोक हसतले."

"हसांदेत. मी काय पार्सल आसंय, कोणी सोडूक आणि कोणी उचलूक?"

तिला लोकांच्या हसण्याची भीती नव्हतीच. भीती रस्त्याची होती, पण ते बोलून दाखवलं की खरं होईल असं तिला वाटे.

विर्नोड्याहून पेडण्याला जाणारा हा रस्ता काही वर्षांपूर्वीपर्यंत गावाचा होता. आता त्यावरून विमानतळाच्या टॅक्सी जात, चिरे घेऊन ट्रक जात, हरमलच्या किंवा केरीच्या समुद्राकडे निघालेले पर्यटक भाड्याच्या गाड्या घेऊन फोनवर रस्ता शोधत जात. डांबर संपतं तिथेच गटार सुरू होतं. मधली चार बोटं जागा गुरुदासची.

तो मात्र खुशीत होता. हे तिला नाकारता येईना. संध्याकाळी घामाघूम होऊन यायचा, आंघोळ करायचा आणि जेवताना सांगत बसायचा. अमक्याच्या कुळागरात सुपारी धरली. तमक्याकडे घराचं नवं छप्पर घातलं. स्कूटरवरून जाताना म्हणे हे काही दिसत नव्हतं. बाजारात लोक आधी विचारत, "गाडी विकली काय रे?" मग कोणी कोणी म्हणू लागले, बरंय, शुगर आटोक्यात राहील. एकदा सकाळी म्हापशाकडून आलेले हेल्मेटवाले, घट्ट कपड्यांतले सायकलवाले त्याच्या बाजूने गेले. त्यातल्या एकाने अंगठा वर करून विचारलं, "अंकल, आज किती किलोमीटर?" गुरुदास म्हणाला, "दुकानात जातंय." तो माणूस हसला, त्याला ती थट्टा वाटली असावी.

ही गोष्ट गुरुदासने घरी हसत हसत सांगितली. सुविधाला हसू आलं नाही.

एके दिवशी अंगणवाडीला सुट्टी होती. तो निघाल्यावर थोड्या वेळाने ती स्कूटर काढून मागोमाग गेली. वळणाजवळ तिने त्याला गाठलं आणि पिवळा दिवा लुकलुकत ठेवून त्याच्या मागे त्याच्याच वेगाने चालवू लागली. मागच्या गाड्या आता तिला हॉर्न देऊ लागल्या. एका टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून शिवी हासडली. ती हलली नाही. जोवर ती मागे आहे तोवर त्याच्या अंगावर कोणी येणार नव्हतं.

हॉर्न ऐकून गुरुदास थांबला. उजवा डोळा मागे करायला त्याला अख्खी मान वळवावी लागे.

"सुविधा! तू माझी वरात काढतंस?"

"माका बाजारात काम आसा."

"मग जा पुढे."

तिला जावं लागलं. आरशात तो थोडा वेळ दिसला, जांभळी सायकल आणि निळा शर्ट. मग मध्ये ट्रक आला आणि आरशात नुसता ट्रक उरला. पेडण्याला पोचून ती दुकानासमोर थांबून राहिली. तो आला, तिच्याकडे न बघता डबा घेऊन आत गेला.

त्यानंतर तिने एक केलं. रस्त्याचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेली. तिथला इंजिनीअर तरुण होता. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. इतकं नीट ऐकून घेतलं की तिला आशा वाटली.

"बाई, त्या रस्त्यावर सायकली किती चालतात?"

तिने खोटं बोलायचा विचार केला. "शाळेची पोरं आधी जायची. आता त्यांना बस आहे," ती म्हणाली. "सध्या एकच."

"एका सायकलीसाठी मी वर काय मागू?"

"रस्ता नको मला. कडेला दोन हात जागा आणि एक पांढरी पट्टी."

"दिली असती. पण दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या राहतील. राग मानू नका, तुम्ही आता स्कूटर कुठे लावली?"

तिने स्कूटर ऑफिसच्या फाटकाबाहेर, डांबराच्या कडेला लावली होती. दुसरी जागाच नव्हती. ती उठली. इंजिनीअर दारापर्यंत आला आणि म्हणाला, "त्यांना सांगा, सायकल व्यायामाला चांगली. मैदानावर चालवा."

पावसाळा गेला, दसरा झाला. एक दिवस दुपारी मुलं खिचडी खात असताना सगुणबाबचा फोन आला. "सुविधाबाय, घाबरा नाकात. गुरुदास पडलो. दवाखान्यात आसा, बोलता."

बोलतो, एवढाच शब्द धरून तिने स्कूटर दामटली. मदतनिसाला काय सांगितलं, मुलांचं काय झालं, तिला नंतर काही आठवलं नाही.

गुरुदास सरकारी दवाखान्यात खाटेवर बसला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, कपाळावर पट्टी. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. एका गिऱ्हाइकाला नळाचे जोड पोचवून येताना, पेट्रोल पंपातून डावीकडून बाहेर पडणाऱ्या टॅक्सीने त्याला उडवलं होतं. टॅक्सी संदीपची. संदीप त्यांच्याच वाड्यावरचा, पल्लवीबरोबर शिकलेला. तो भिंतीला टेकून उभा होता.

"काकी, मी बघलंय हो. खरोच बघलंय. ट्रक नाय, बस नाय. रस्तो मोकळो वाटलो. सायकल माका दिसलीच नाय."

ती त्याच्यावर ओरडणार होती. पण त्याचा चेहरा बघून तिला ओरडता येईना. त्यानेच गुरुदासला उचलून आणलं होतं. एक्स-रे काढताना हात धरून तोच उभा होता.

हवालदार आला. त्याने संदीपला चार प्रश्न विचारले आणि गुरुदासला एक.

"डाव्या डोळ्याने दिसतं का तुम्हाला?"

"नाय."

"मग या वयात सायकल घेऊन रस्त्यावर कशाला येता?"

गुरुदासने मान खाली घातली. "माझीच चूक. पोराचो काय दोष नाय. मिटवून टाका."

सुविधा पुढे झाली. तिला विचारायचं होतं, याला एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण त्या पोराला तर दोन्ही डोळ्यांनी दिसलं नाही, मग चूक एकट्याची कशी? शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात हवालदार तिच्याकडे वळला. "बाई, तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?"

मोठ्याने तिने कधीच सांगितलं नव्हतं. पण जे हवालदार बोलला तेच ती रोज सकाळी डबा भरताना मनातल्या मनात बोलत आली होती. ती आता सायकलच्या बाजूने कुठल्या तोंडाने बोलणार?

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. कोणी शहाळी आणली, कोणी बेकरीतले उंडे पाव आणले. जो येई तो आधी वर बघून देवाचे आभार मानी आणि मग म्हणे, "आता ती सायकल बस झाली हां." संदीपची आई रोज पेज घेऊन येई आणि रडे. फोनवर पल्लवीने आईलाच झापलं, "तू त्यांना जाऊच का दिलंस?" गुरुदास सगळ्यांचं ऐकून घेई, हो हो म्हणे. पाहुण्यांना तो स्वतःच सांगू लागला, "आमच्या वयात असला काय करूचा नसता." सुविधाला ते ऐकवत नसे. ती चहाच्या निमित्ताने आत जायची.

हाड जुळलं. सायकलचं तर काहीच बिघडलं नव्हतं, नुसती टोपली चेपली होती. एका सकाळी, तो आंघोळीला गेलेला असताना, तिने चाकांत हवा भरली. सायकल पुसली आणि अंगणात उभी करून ठेवली. आपण हे का करतो आहोत हे तिला कळत नव्हतं. तो बाहेर आला, टॉवेलने डोकं पुसत सायकलकडे बघत राहिला.

"घेवन जावा," ती म्हणाली. "नुसते वाड्यावरच्या विहिरीपर्यंत. मी सांगतंय."

"नको गो," तो म्हणाला. "उगीच लोकांका त्रास."

तो पुन्हा तिच्या मागे बसून दुकानात जाऊ लागला. पण अंगणवाडीच्या वेळा आणि दुकानाच्या वेळा जुळेनात. सगुणबाबने तोवर सामान पोचवायला मोटरसायकलवाला माणूस ठेवला होता. त्याने कधी वाईट शब्द काढला नाही, "दुपारपर्यंतच ये" एवढंच म्हणाला. मग दुपारपर्यंतचंही काम उरलं नाही. गुरुदास घरी राहू लागला. अंगण झाडायचा, माडांना पाणी घालायचा, टीव्हीसमोर बसून बातम्या बघायचा. रस्त्याची भीती गेल्यामुळे सुविधाला आता झोप लागायला हवी होती.

परवा सोमवारी संध्याकाळी तो एकदम म्हणाला, "माका बाजारात घेवन जाशीत?"

"काय आणूचा आसा?"

"काय नाय. असोच."

ती लगेच निघाली. मार्केटच्या कोपऱ्यावर गाड्या खेटून उभ्या होत्या, स्कूटर लावायला जागा मिळेना, म्हणून ती सीटवरच बसून राहिली. "तुमी फिरा," ती म्हणाली. "सावकाश येवा. माका कसलीच घाई नाय."

गुरुदास गर्दीत गेला. मासळीच्या बाजूला वळला, मग सगुणबाबच्या दुकानाकडे. कोणीतरी त्याला हाक मारली, तो थांबला, हसला, पुन्हा चालू लागला. तिला त्याचा निळा शर्ट काही वेळ दिसत होता. तिने फोन काढला आणि मन रमवायला काहीबाही बघत बसली. दोन मेसेज वाचते न वाचते तोच तो समोर येऊन उभा होता. हात रिकामे.

"इतक्यात इलात?"

"तू माझ्यासाठी थांबलेली आसस ना," तो म्हणाला आणि तिच्या खांद्याला धरून मागे बसला.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. सुविधाने स्कूटर सुरू केली.