शैलाताईंच्या पदरातली चावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. गोल तोंडाची, नळीसारखी, करंगळीच्या पेराएवढी. मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर खेळण्यातली! म्हणा खुशाल. लखनौच्या तेलीबागेतल्या गोदामातही सगळे तेच म्हणायचे. पण मी कॉम्प्युटरची चावी आहे. हो, कॉम्प्युटरची! नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या पेटीला पुढून एक कुलूप असायचं. मला त्यात घालून फिरवलं की कीबोर्ड मुका. कितीही बडवा, पडद्यावर एक अक्षर उमटणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही आणि त्याचं कौतुकही नाही. मला आठवतं ते गोदाम. पंपांचे सुटे भाग, बेअरिंग, वॉशर, पट्टे, सगळं फळ्यांवर छतापर्यंत रचलेलं. कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला, लाडू वाटले. मलाही कुंकवाचं बोट लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी पेटीच्या मागे दोऱ्याला लोंबकळत धूळ खात पडले. ही कशाची चावी, असं विचारायचीही कोणी तसदी घेतली नाही.

त्या कॉम्प्युटरवर बसायच्या शैलाताई मेश्राम. नागपूरकडच्या. माल आला की जमा, गेला की वजा, सगळी नोंद त्यांच्या हातची. पण दर मार्चअखेर गोदामाची मोजणी व्हायची आणि दर मार्चला ताई रडकुंडीला यायच्या. कॉम्प्युटर एक सांगायचा आणि फळी भलतंच.

का? ऐका. समजा, बाई वर्गातली मुलं मोजताहेत आणि मुलं दारातून आतबाहेर धावताहेत. जुळेल का मोजणी? गोदामात हाच तमाशा चालायचा. इकडे माणसं शिडीवर चढून मोजताहेत आणि तिकडे मॅनेजर रस्तोगी साहेब ओळखीपाळखीच्यांना माल देताहेत. "अरे दे दो यार, एंट्री बाद में चढ़ा देना!" माल कधी मोजलेल्या फळीवरून जायचा, कधी न मोजलेल्या. नोंद कधी आधी पडायची, कधी नंतर, कधी पडायचीच नाही. मग कुठे कमी, कुठे जास्त. आणि कमी निघालं की बोट शैलाताईंकडे! ताई राखीव जागेवर लागलेल्या, म्हणून माझ्यासमोर चहा पीत लोक म्हणायचे, "कोटेवाली है, और क्या होगा." जीभ झडली नाही यांची! साहेबाला मात्र जाब विचारायची एकाचीही छाती नव्हती.

त्या वर्षी वरून हुकूम आला. या मोजणीतही फरक निघाला, तर शैलाताईंची नोकरी गेलीच म्हणून समजा.

ताईंनी निरंजनला बोलावलं. गोदामाचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. हवाईदलातल्या मराठी सार्जंटचा मुलगा, पण लखनौतच वाढलेला. ताई मराठीत बोलायच्या, तो हिंदीत उत्तर द्यायचा.

"निरंजन, मोजणी चालू असताना तुझा हा प्रोग्राम गप्प नाही का रे बसू शकत?"

"बैठेगा ताई, क्यों नहीं बैठेगा! न माल जमा होगा, न निकलेगा."

आणि केलं की पठ्ठ्याने! मोजणी सुरू केली की पडद्यावर झळकायचं, 'गिनती चालू है. लेन-देन बंद.'

"आणि साहेबांनी उघडलं तर? पासवर्ड त्यांच्याकडेच असतो बाबा."

निरंजन डोकं खाजवू लागला. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. "अरे ताई, ये चाबी तो किसी ने घुमाई ही नहीं!" त्याने मला फुंकर मारली, कुलपात घातलं आणि फिरवलं. टक! कीबोर्ड गप्प. ताईंनी मला पदराच्या टोकाला गच्च गाठ मारून बांधलं. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी स्वतःला तिजोरीची चावी समजत होते!

मोजणी सुरू झाली. मोजलेल्या फळीवर खडूची रेघ ओढायची आणि ओरडायचं, "हो गया! आगे!" नुसती धमाल. अर्धं गोदाम संपलं आणि रस्तोगी साहेब आले.

"मैडम, चारबाग से हमारे साले साहब आए हैं. होटल का पंप बैठ गया है. इस बार ऊपरवाले देख रहे हैं, तो एक बेअरिंग की एंट्री मारिए और दे दीजिए."

"साहब, गिनती चल रही है. एंट्री बंद है."

साहेब स्वतः कॉम्प्युटरवर बसले. पासवर्ड मारू लागले, तर कीबोर्ड ढिम्म! बडव बडव बडवला. मी पदरात खुदुखुदु हसत होते.

साहेबांनी मग ओरडून शेजारच्या हिशेबखात्यातल्या कॉम्प्युटरची चावी मागवली, कुलपात घातली, फिरवली. टक! उघडलं!

मित्रांनो, माझा माज तिथेच उतरला. तशा पेट्यांना बऱ्याचदा एकसारखीच कुलपं असायची. माझ्यासारख्या चाव्या पोत्याने होत्या आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

"देखा मैडम? बच्चों का खेल है आपका ताला."

ताई पुढे झाल्या, कीबोर्डची वायर उपटली, कीबोर्ड बगलेत मारला आणि थेट शिडीच्या टोकावर जाऊन बसल्या!

"अब कीजिए एंट्री!"

सगळं गोदाम आ वासून बघत राहिलं. निरंजनने तर शिट्टीच मारली. खाली साले साहेब रडवेले झाले. "दीदी, सारे कमरों में पानी बंद है. मेहमान गालियाँ दे रहे हैं!"

"तो ले जाइए बेअरिंग! मना किसने किया?" ताई वरून कडाडल्या. "बेअरिंग की जगह एक पर्ची रखिए और उस पर साहब साइन करेंगे. हम पर्ची को ही बेअरिंग गिनेंगे. एंट्री गिनती के बाद."

"साइन? मेरा?" साहेब दचकले.

"माल आप दे रहे हैं, तो साइन क्या मेरा होगा?"

सगळे साहेबांकडे बघत होते. त्यांनी सही केली. चिठ्ठी फळीवर गेली, बेअरिंग चारबागला गेलं आणि ताई कीबोर्ड बगलेत धरूनच पुढचं मोजू लागल्या.

शेवटच्या फळीवर रेघ ओढल्यावरच कीबोर्ड खाली आला. ताई आकडे भरू लागल्या आणि फळीमागून फळी जुळत गेली! थोडे वॉशर कमी पडले, तेही शिडीखाली सांडलेले सापडले. निरंजन नाचत होता. गेल्या वर्षी कुजबुजणारे आता लाडू मागत होते, निर्लज्ज!

"चलिए, अच्छा हुआ," साहेब म्हणाले. माफीचं नाव नाही.

"अच्छा हुआ नहीं साहब, आपने साइन किया. हर साल करते, तो मैं चोर न कहलाती."

पुढे नवे कॉम्प्युटर आले, त्यांना कुलूपच नव्हतं. पेटी भंगारात गेली. मला ताईंनी सोडवून घेतलं. आता मी विकास नगरातल्या त्यांच्या घरी, बटणांच्या डब्यात असते.

मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मी हरले होते. जिंकल्या शैलाताई. म्हणून नुसत्या कुलपाच्या भरवशावर राहू नका. मोजणी चालू असेल तिथे हात आवरा. फारच अडलं आणि काही उचललंत, तर आपलं नाव मागे ठेवा. तुमच्या घाईपायी दुसऱ्याला चोर ठरवू नका.

ताई कधीमधी डबा उघडतात, मला पुसतात आणि हवेतच फिरवतात. टक असा आवाज आताशा त्यांनाच तोंडाने काढावा लागतो.