माझ्या अंगावर वाळलेले मीठ

मित्रांनो, माझा आता नखाएवढा तुकडा उरला आहे, आणि तोही घाबरलेला. समुद्राचे पाणी गोड करणाऱ्या कारखान्यातली मी जुनी गाळणी. चहाच्या गाळणीशी माझे नाते लावू नका. माझ्यातून पाणी तेवढे पार होते, मीठ बाहेर ताटकळत राहते.

कागदासारख्या पातळ थरांची मी गुंडाळी होते. लांब नळीत आम्ही बहिणी एकीमागे एक बसायचो. मी थोरली, म्हणून समुद्र आधी माझ्या अंगावर यायचा. पंपाचा रेटा असा, की जीव मुठीत धरावा लागे. पण गावाची तहान भागायची. पंप सांभाळणारे मामा पाहुण्यांपुढे आमचे कौतुक करत, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढे.

मग डोळ्यांना न दिसणारे जंतू माझ्यावर घर करून राहिले. त्यांची चिकट साय धरली. पाणी पार होईना. मामांनी पंपाचा जोर वाढवला, मला धाप लागली. शेवटी त्यांनी मला बाहेर काढले आणि सुरीने उभे चिरले. ओरडायला मला तोंड नव्हते.

गाव पाण्यासाठी खोळंबले होते. मामांनी एक तुकडा कापून तसाच वाळवला आणि भाचीकडे नेला. ती प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवत असे. यंत्रात नीट दिसावे म्हणून तिने माझ्यावर सोन्याचा मुलामा चढवला. एरवी मी मिरवले असते, पण मला यंत्रात कोंडून आतली सगळी हवा ओढून घेतली, तेव्हा माझी भीतीने गाळण उडाली.

पडद्यावर माझे अंग दिसले. नुसते पांढरे खडे.

"क्षार साचलेत. अ‍ॅसिडने धुऊन टाकतो," मामा म्हणाले आणि कारखान्यात फोन करून तसे सांगूनही टाकले.

मी हादरले. ते खडे म्हणजे अंगावर राहिलेल्या समुद्राच्या पाण्याचे वाळलेले मीठ होते. खरी घाण त्याखाली दडली होती. अ‍ॅसिडने ती आणखी घट्ट बसली असती. माझ्या बहिणी अजून नळीतच होत्या, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

भाची पडद्यावरून नजर काढेना. "मामा, वाळवायच्या आधी तुकडा धुतला होता का?"

"धुतला असता तर घाण गेली असती ना."

"चिकटलेली घाण साध्या पाण्याने जात नाही. मीठ जातं. हे खडे बघा, चौकोनी आहेत. जेवणातलं मीठ असंच दिसतं."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा फोन लावला. पंपाच्या आवाजात तिकडे कुणाला ऐकू जाईना. घंटी वाजत राहिली. तेवढ्या वेळात मी किती वेळा मेले, सांगता येत नाही.

"अ‍ॅसिड सोडू नका," मामा अखेर म्हणाले. "कॅनचं झाकण उघडलंय? लावा परत."

कारखान्यात भिजत ठेवलेल्या माझ्या उरलेल्या भागातून मामांनी दुसरा तुकडा कापून आणला. तो धुऊन, हळूहळू वाळवून पाहिला, तेव्हा खडे नव्हते. सुरकुतलेली साय होती आणि तिच्यात जंतू. मग बहिणींना चिकटा काढणाऱ्या सौम्य औषधाने धुतले. त्या पुन्हा पाणी देऊ लागल्या, असे मामांनी भाचीला सांगितले. भाचीने मला ठेवलेल्या डबीतून मी ते ऐकले.

मित्रांनो, मुक्या वस्तूवर इलाज करण्याआधी तिला नीट बघा. त्या मुलीने तो एक प्रश्न विचारला नसता, तर माझ्या बहिणी पडद्यावरच्या माझ्याच चित्रामुळे गेल्या असत्या.