मागचा हात खाली

रामजतनने सवयीने हात पुढे केला, आणि वैदेहीने क्यूची काठी दिली नाही.

"बिटिया?"

"आज मैं मारूँगी, चाचा."

टेबल सांभाळणाऱ्या, गुण मांडणाऱ्या त्या मार्करचा हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग त्याने तो सदऱ्याला पुसला आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर काचेच्या चौकटीत क्लबचे नियम होते. त्यातला सातवा नियम दोघांनाही पाठ होता : महिला खेळाडूंचा ब्रेक मार्कर करील.

गेली तीन वर्षं तसंच चालत आलं होतं. पूलचा डाव फोडणारा पहिला फटका, म्हणजे ब्रेक, वैदेहीकडे आला की क्यू रामजतनच्या हाती जायचा. तो पांढरा बॉल त्रिकोणात रचलेल्या पंधरा बॉलांवर हलकेच सोडायचा. हलकेच, कारण सेक्रेटरींची तशी ताकीद होती. त्या ब्रेकने बॉल पॉकेटात कधी पडला नाही. बॉल पडला नाही की पाळी समोरच्याची; म्हणजे वैदेहीचा ब्रेक असला की फुटलेला डाव आयता दुसऱ्याच्या हाती. तरीही ती फायनलपर्यंत आली होती. आता दोन-दोन अशी बरोबरी होती, पाचवा डाव शेवटचा होता आणि ब्रेक तिचा होता. जिंकणारा पुढच्या महिन्यात मोठ्या स्पर्धेसाठी लखनौला जाणार होता. तिथे तिच्यासाठी कुणी मार्कर ब्रेक करायला उभा राहणार नव्हता.

जानेवारीतला रविवार होता. गंगेवरून आलेलं धुकं अकराच्या सुमारास विरलं होतं आणि क्लबच्या उंच खिडक्यांतून ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. तीस-पस्तीस माणसं जमली होती. बायका दोनच : क्यू धरलेली वैदेही, आणि भिंतीशी वेताच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली तिची आई, वीणा.

वीणा क्लबात यायची नाही. सिगरेटच्या वासाने डोकं उठतं, म्हणायची. आज सकाळी वेणी घालता घालता एवढंच म्हणाली होती, "येते मी आज."

श्रीनिवास पाध्ये पुढे आले. क्लबचे सेक्रेटरी, आणि दूधविनायक मोहल्ल्यात वैदेहीच्या घरापासून तिसऱ्या घरात राहणारे. माणूस वाईट नव्हता. वैदेहीच्या एम.ए.च्या अर्जासाठी त्यांनी युनिव्हर्सिटीत चार खेटे घातले होते.

"वैदेही, तमाशा नको."

"तमाशा नाही, काका. ब्रेक आहे."

मागे कुणीतरी हसलं. देवदत्त सप्रे, तिचा प्रतिस्पर्धी, बँकेत नव्याने लागलेला नागपूरचा मुलगा, क्यूवर रेलून उभा होता.

"माझी काही हरकत नाही, सर," तो म्हणाला.

"तुम्हाला विचारलंय का?" पाध्ये म्हणाले. मग वैदेहीकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, नियमाला कारण आहे. नव्वद साली हे टेबल आलं. दसऱ्याला घरच्या मंडळींनाही खेळू दिलं. एका बाईंनी जोर करायला जाऊन वीतभर कापड फाडलं. ते बघ, तिथे. मदनपुऱ्याहून रफूगर आणावा लागला. नाव नाही घेत मी. घरंदाज बाई होत्या."

"घ्या की नाव, भाऊजी," वीणा खुर्चीतून म्हणाली.

पाध्यांनी मान वळवली नाही. खिशातून रुमाल काढून ते चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

"जुनी गोष्ट आहे, वहिनी. कशाला उगाच."

"आणि पुरुषांनी कधी नाही फाडलं?" वैदेहीने विचारलं.

रामजतन टेबलाखाली चॉक शोधत होता. तो तिथूनच बोलला, "दो बार. उधर कोने में. गोंद से चिपकाए हैं."

या वेळी बरेच जण हसले. पाध्यांचे कान लाल झाले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मार. पण कापडावर ओरखडा जरी उमटला, तरी डाव देवदत्तचा. आणि गोपीनाथच्या कार्डावर तुझं नाव राहणार नाही. तुझ्या बाबांना मी सांगेन काय ते."

क्लबची मेंबरशिप गोपीनाथांच्या, म्हणजे बाबांच्या, नावावर होती. वैदेही त्या कार्डाच्या मागच्या बाजूला होती, 'आश्रित' या शब्दासमोर.

"चालेल," ती म्हणाली.

तिने या टेबलावर आजवर एकही ब्रेक केला नव्हता. तिचा सगळा सराव घरच्या जेवणाच्या टेबलावर झाला होता. रामजतनने दिलेला एक मोडीत निघालेला क्यू, आणि आडवी ठेवलेली सरबताची रिकामी बाटली. क्यूचं टोक बाटलीच्या तोंडातून आत न्यायचं आणि काचेला न लागता बाहेर काढायचं. आधी सावकाश, मग जोरात. काच वाजली की परत पहिल्यापासून. क्यू आडवा राहिला तरच हे जमतं. मागचा हात उचलला गेला की टोक खाली झुकतं. बाटली असेल तर ती फुटते, कापड असेल तर ते फाटतं.

समोर मटार सोलत बसलेली आई अधूनमधून म्हणायची, "मागचा हात वर जातोय तुझा. खाली." पाठ सरळ ठेव, केस बांध, दूध पी, या सगळ्याच्या सुरात. वैदेही हात खाली घ्यायची. हे आईला कसं कळतं, असं तिच्या मनात कधी आलं नाही. क्लबात हे टेबल आलं त्या वर्षांत, बारावीपर्यंत, वैदेही इंदूरला मावशीकडे शिकायला होती; तेव्हाचं काही तिला ठाऊक नव्हतं.

रामजतनने त्रिकोण अलगद उचलला. पंधरा बॉल एकमेकांना चिकटून उभे राहिले. वैदेहीने पांढरा बॉल हातात घेतला. सगळे खेळाडू तो रफूपासून हातभर उजवीकडे ठेवत; क्लबात ती रीतच पडली होती. तिनेही तिथेच ठेवला, क्यूला चॉक लावलं आणि वाकली. डाव्या हाताची बोटं कापडावर रोवली. कोपर टेकला.

आणि रफू तिच्या डोळ्यांपासून वीतभरावर आला.

एवढ्या जवळून तिने तो कधी पाहिला नव्हता. लांबून हिरव्यात हिरवा डाग दिसायचा. आता एक एक धागा दिसत होता : एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. कडेला धाग्यांची टोकं कापलेली नव्हती. ती उलटी वळवून विणीतच दडवली होती, आणि शेवटच्या ओळीत एक टाका मुद्दाम तिरपा घातला होता, धागा निसटू नये म्हणून.

त्याच्या शेजारी तिचा कोपर होता. बदामी स्वेटरची बाही तिथे दोन हिवाळ्यांपूर्वी विरली होती आणि आईने ती रफू केली होती. एक वर, एक खाली. टोकं आत वळवलेली. शेवटच्या ओळीत एक तिरपा टाका. मदनपुऱ्याहून कुणी रफूगर आलाच नव्हता.

वैदेही तशीच वाकून राहिली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. देवदत्तने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"क्या हुआ, बिटिया?" रामजतनने हळूच विचारलं.

ती उभी राहिली. मागे वळून बघितलं नाही. तिने पांढरा बॉल उचलला आणि हातभर डावीकडे, रफूच्या बरोबर पुढे ठेवला. पुन्हा वाकली. डावा पंजा तिने रफूवर ठेवला. बोटांखाली कापड किंचित जाड लागलं.

"तिथून नको!" पाध्ये म्हणाले. "वैदेही, अगं इतकं टेबल पडलंय!"

"इथूनच, काका."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा तिला."

वीणाने शाल सारखी केली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण न ओरडता, ती म्हणाली, "वैदेही, मागचा हात खाली."

वैदेहीने मागचा हात खाली घेतला. क्यू कापडाला समांतर झाला. एकदा मागे-पुढे. दुसऱ्यांदा. पहिल्या बॉलचा मध्य तिने नजरेत धरला, सुईत दोरा ओवताना धरावा तसा. क्यू सावकाश मागे नेला, आणि सगळा जोर शेवटच्या वीतभर अंतरात सोडून दिला.

आवाज हॉलच्या छतापर्यंत गेला. त्रिकोण फुटून बॉल चारी कडांच्या कुशनांवर आपटले, परतले, एकमेकांना धडकले. एक कोपऱ्यातल्या पॉकेटात खटकन गेला. दुसरा मधल्या पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन थांबल्यासारखा झाला, आणि मग आपल्याच वजनाने आत पडला. पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर येऊन उभा राहिला.

रामजतन खाली वाकला. त्याने रफूवरून अंगठा फिरवला, आधी लांबीला, मग रुंदीला. पाध्येही चष्मा सावरत त्याच्या खांद्यावरून डोकावले.

"कपड़ा ठीक है," रामजतन म्हणाला. मग फळ्याकडे जाऊन त्याने मोठ्याने सांगितलं, "ब्रेक पर दो."

टाळ्या पहिल्यांदा देवदत्तने वाजवल्या. मग इतरांनी. त्या थांबेपर्यंत वीणा मांडीवर हात ठेवून बसून राहिली. पाध्ये तिच्या खुर्चीजवळून परत आपल्या जागेकडे निघाले, तेव्हा ती म्हणाली,

"त्या दसऱ्याला माझे तीन पडले होते, भाऊजी."

पाध्ये थबकले. मग त्यांनी मान डोलावली.

टेबलापलीकडे वैदेही क्यूच्या टोकाला चॉक लावत होती. तिने ऐकलं होतं. हसू आवरायला तिने खालचा ओठ दाताखाली धरला आणि टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारली, कुठला बॉल आधी घ्यायचा ते बघत. पाळी अजून तिचीच होती.