कमलच्या पोटमाळ्यावरची पृथ्वी

कोंडीरामने इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि बनियनवरच शिडी चढला. पोटमाळ्यावर डोकं घालताच कॉम्प्युटरचा गरम वारा तोंडावर आला. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण त्याने आधीच उघडून ठेवलं होतं. जुन्या टूथब्रशने तो पंख्याभोवतीची धूळ काढू लागला. पंखा चालूच होता. फिरती पाती चुकवत, श्वास रोखून तो काम करत होता.

"भावजी, पाच मिनिटं बंद केलात तर पृथ्वी काय बुडणारे?" खालून कमलने विचारलं.

"सत्त्याण्णव टक्के झालंय वहिनी. आता बंद नाही करायचं."

"गेल्या महिन्यात पण सत्त्याण्णवच सांगत होतात."

"चौऱ्याण्णव."

"तीनच वाढले? मी बोटाने मोजला असता पाऊस तर तोवर झाला असता."

कोंडीराम हसला, पण ब्रश थांबवला नाही. पडद्यावर निळी-करडी पृथ्वी आपल्या नादात फिरत होती. कोपऱ्यात साल होतं, २०५८. खाली चाळीत मे महिन्याचा शेवटचा शनिवार होता, नळाचं पाणी जाऊन तास झाला होता, आणि परळच्या या पोटमाळ्यावर अजून न उजाडलेल्या वर्षांचा पाऊस मोजला जात होता.

चार वर्षांपूर्वी पेपरात चार ओळी आल्या होत्या. जगभरची साधी माणसं आपापल्या घरचे कॉम्प्युटर शास्त्रज्ञांना वापरायला देतात. तिकडून गणिताचा एकेक तुकडा येतो, घरचं मशीन तो रात्रंदिवस सोडवतं आणि परत पाठवतं. असे हजारो तुकडे जोडले की पुढची हवा कशी असेल ते कळतं. कोंडीराम त्याच वर्षी वायरमनच्या नोकरीतून मोकळा झाला होता. कमल लोअर परळच्या ज्या काचेच्या ऑफिसात लादी पुसते, तिथून भंगारात निघालेले दोन कॉम्प्युटर त्याने खांद्यावरून चालत आणले. दोन्ही मोडून त्यातून एक उभा केला. त्याच्या स्वतःच्या खोलीत पाच माणसं. शेजारची कमल एकटी, आणि तिला पोटमाळा, म्हणून मशीन तिथे चढलं. तळमजला असला तरी पोटमाळ्यापर्यंत पाणी कधी चढलं नव्हतं.

सगळं इंग्रजीत होतं. इंग्रजी येत नाही म्हटलं की चांगला बोलता माणूस मुका होतो, हे कोंडीरामने नोकरीभर सोसलं होतं. साहेबांपेक्षा त्याला वायरिंग जास्त कळायचं, पण रिपोर्ट साहेब लिहायचे. या खेपेला तो हटला नाही. शब्दकोश घेऊन बसला आणि त्या लोकांच्या माहितीची सगळी पानं मराठीत उतरवली. कोणी सांगितलं नव्हतं. तीन महिने लागले. आता त्यांच्या साइटवर भाषांची यादी उघडली की त्यात 'मराठी' दिसतं. त्या एका शब्दासाठी तो अधूनमधून ती यादी उघडून बघायचा.

त्याच्या नादाने चाळीतल्या आणखी सहा घरांनी मशीनं लावली. "आपल्या परळचा पाऊस आपणच मोजायचा," तो सांगत फिरला. "आजवर दुसऱ्यांनी मोजला, म्हणून आपण बुडलो."

दारात राजेशचं डोकं डोकावलं. राजेश चाळ कमिटीचा सेक्रेटरी. मूळचा मालवणकडचा.

"काय रे कोंडीराम, पृथ्वी बघून झाली? पाच वाजता मीटिंग हा. आर्किटेक्ट स्वतः येताहा. मागसून माका बोल लावू नको."

"आलो की रे."

"आलो काय? कागद खंय तुझो? तो बिल्डर दीड फुटाच्या वर जोतं द्यायला तयार नाय. चार फूट मागायचं तर पुरावो होयो. त्याने पत्रात काय लिवलंय? इथे पाणी भरतं याची एकतर लेखी नोंद आणा, नायतर जागेवरची खूण दाखवा."

"आमच्याकडे फोटो आहेत ना मोबाइलमध्ये," कमल म्हणाली.

"दाखवले ना वहिनी. म्हणतो, फोटो खंयच्या पण गल्लीचे असतत." राजेश जायला वळला आणि परत थांबला. "तुमच्या या दाराकडे रेघा होत्या ना वो?"

कोंडीरामच वरून म्हणाला, "रेघा गेल्या आता. त्यापेक्षा मोठं आणतोय. चार वर्षांची नोंद. फॉरेनची."

"आण बाबा. तुझ्या जिवावर बसलो आम्ही सगळे," म्हणून राजेश गेला. या खोल्या पाडून नवी इमारत उठणार होती, आणि तळाच्या अकरा घरांना पुन्हा तळमजलाच मिळणार होता. जोतं एकदा बांधलं की पुढची पन्नास वर्षं तेच.

रेघा गेल्या त्या एप्रिलमध्ये. चौदा तारखेच्या, भीमजयंतीच्या आधी चाळीतलं प्रत्येक घर रंगतं. कमलही रंगवायची, पण दाराजवळचा वीतभर रुंदीचा पट्टा दरवर्षी सोडून. त्या पट्ट्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि रेघेपाशी साल. पाणी जिथवर चढलं तिथे रेघ. पहिल्या काही नवऱ्याने मारलेल्या, तो गेल्यावरच्या तिने. सगळ्यात वरची सव्वीस जुलैची, दोन हजार पाचची. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली.

या वर्षी साइटवाल्यांनी स्वयंसेवकांचे फोटो मागवले होते. कोंडीरामने कॉम्प्युटर खाली काढला, शेजारी उभा राहिला, त्याच्या मुलीने, अक्षताने फोटो घेतला. फोटोत मागे तो मळका पट्टा आला. मुंबईची माणसं भिंती घाण ठेवतात असं तिकडे दिसायला नको, असं त्याला वाटलं. हे तो कोणाला बोलला नाही. कमलला म्हणाला, "वहिनी, आता मशीन मोजतंय सगळं. हा मळ कशाला ठेवायचा?" कमलने पट्ट्यावरच्या एका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर पुसा." कोंडीराम अर्धंमुर्धं काम करणारा नव्हता. पॉलिश पेपरने त्याने भिंत सिमेंटपर्यंत घासली, पुट्टी भरली, वर दोन हात मारले. दुसरा फोटो छान आला. तिकडच्या लोकांनी तो साइटवर लावला.

शिडी उतरून कोंडीरामने हात धुतले आणि शर्ट घातला. कमलने चहा पुढे ठेवला. दोघंही अक्षताची वाट बघत होती.

कोंडीरामने महिन्यापूर्वी त्या लोकांना मराठीतच पत्र लिहिलं होतं. आमच्या सात मशीनांनी चार वर्षं काम केलं, त्यातून आमच्या परळच्या पावसाचं काय निघालं तेवढं सही करून लिहून द्या. उत्तर काल आलं. एल्के नावाच्या तिकडच्या बाईने इंग्रजीत लिहिलेलं, आणि खाली मशीनने केलेलं मराठी. 'तुमच्या धावण्याच्या उदारतेने आम्ही स्पर्शित आहोत,' अशी सुरुवात होती. पुढे समुद्राचं काहीतरी होतं. मुंबईचं पत्र म्हटल्यावर समुद्र येणारच, असं कोंडीरामने धरलं आणि इंग्रजी मजकूर पोरीला पाठवून दिला. ऑफिसात प्रिंट काढ, म्हणाला. रंगीत काढ.

अक्षता चार वाजता आली. दारातच चपला काढून ती उभी राहिली. हातात कागद दुमडलेला होता.

"आण इकडे," कोंडीराम म्हणाला. "सही आहे ना?"

"पप्पा, बसा जरा."

"बसलोय की. वाच."

"सगळं नाही वाचत. आधी आभार मानलेत खूप. मराठी पानांचे पण. पाचशे लोकांनी वाचली म्हणे." ती थांबली. "पप्पा, ते लोक पृथ्वीचे चौकोन पाडतात. एकेक चौकोन दीडशे-दीडशे किलोमीटरचा. एका चौकोनात एक तर जमीन, नाहीतर समुद्र. दोन्ही नाही धरता येत. जे जास्त असेल ते धरतात."

"बरं."

"आपल्या चौकोनात पाणी जास्त आहे."

कोंडीरामने हात पुढे केला. अक्षताने कागद दिला. रंगीत होता. नकाशा, त्यावर बारीक जाळी. गुजरातकडचे, घाटावरचे चौकोन पिवळे. किनाऱ्यालगत एक चौकोन निळा, आणि त्यावर एल्के बाईने, सोयीसाठी, छोटा लाल ठिपका दिला होता.

"म्हणजे परळ?"

"परळ नाही, दादर नाही, काहीच नाही. पूर्ण मुंबई. तिच्या हिशोबात इथे समुद्र आहे. ती म्हणते, जमिनीवर पाणी किती साचतं ते यातून सांगता येणार नाही. आणि एवढ्या मोठ्या चौकोनातून एका गल्लीचं तर नाहीच नाही. सॉरी म्हणालीय. ती चांगली बोललीय, पप्पा. खोटं नाही बोलली."

"पण मी ती पानं मराठीत केली ना. सगळी मी केली. त्यात कुठे होतं हे?"

"होतं. चौकोनांचं पान. तुम्हीच केलंय ते."

कोंडीराम आठवू लागला. केलं होतं. 'ज्या चौकोनात पाण्याचा अंश अधिक, तो सागरी समजावा.' छान वाक्य जमलं म्हणून त्या दिवशी त्याने स्वतःला दुसरा चहा दिला होता. तो चौकोन कोणाचा, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. पहिल्या पानावर 'संपूर्ण पृथ्वी' लिहिलं होतं. संपूर्ण पृथ्वी म्हटल्यावर परळ आलंच की.

"चार वर्षं," तो म्हणाला. "मग कोणाचा पाऊस मोजला आपण?"

पोटमाळ्यावर पंखा घुमत होता.

कमल इतका वेळ चहाचा कप हातात धरून ऐकत होती. तिने कप खाली ठेवला.

"समुद्र म्हणते का ती?"

"हो वहिनी."

"मग बरोबरच म्हणते की. एवढ्या लांबून तिला दिसलं. दोन गल्ल्या पलीकडच्या बिल्डरला दिसत नाही." ती एकटीच हसली. मग हसणं थांबलं. "हा कागद दाखवणार त्याला?"

"कसा दाखवू? हसेल तो. म्हणेल, समुद्रात राहता तर जोतं कशाला, होडी मागा."

"मग काय दाखवणार?"

कोंडीराम उठून दाराजवळच्या भिंतीकडे गेला. तळहात लावला. गुळगुळीत लागली. नखाने त्याने एक पोपडा काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. त्याचं काम होतं ते, पक्कं. कमल मोरीकडे गेली आणि उलथनं घेऊन आली. तिने खरवडलं. रंग गेला, पुट्टी गेली, खाली करडं सिमेंट निघालं. आणखी हातभर खाली खरवडलं. तिथेही सिमेंटच.

"काकी, राहू दे," अक्षता म्हणाली. "हात कापेल."

"तू गप. तुझ्या बापाने म्हटलं म्हणून पुसू दिलं मी. नवऱ्याच्या हातच्या नऊ रेघा होत्या यात." तिने कोंडीरामकडे वळून बघितलं. आवाज चढला नव्हता. "मी शाळेत गेले नाही भावजी. एवढंच लिहिलं होतं मी जन्मात."

कोंडीराम मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या कानावर सवयीने खोचलेली वायरमनची पेन्सिल होती. कमलने ती काढून घेतली.

"भिंतीला पाठ लावा."

"काय?"

"पाठ लावा. भिंत तुम्ही पुसलीत ना? मग उभे राहा तिच्या जागी."

तो उभा राहिला. कमलने त्याच्याकडे नव्हे, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. तसबीर बघितली, खिळा बघितला, दाराची कडी बघितली. मग त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बगलेच्या चार बोटं खाली, दाबून आडवी रेघ ओढली.

"पाच," ती म्हणाली. "अक्षता, साल घाल तिथे. माझं अक्षर खराब आहे."

अक्षताने मार्कर काढला, बापाच्या बरगडीवर आकडे लिहिले. कमल वाकली. कमरेपाशी दुसरी रेघ आली, सतरा. शर्ट तिथे संपला. खालच्या रेघांसाठी कमलने कोनाड्यातून, सुट्टीत येणाऱ्या नातवाचा खडू आणला आणि काळ्या पँटवर ओढू लागली. एकोणीस, गुडघ्याच्या वर. मध्येच ती थांबली, उठली.

"हे चुकलं," ती म्हणाली. "पाच साली मी अशी नव्हते उभी." तिने कोंडीरामचे दोन्ही हात मनगटांना धरून सरळ वर केले. "तसबीर होती हातात. भिजू नये म्हणून."

कोंडीराम हात वर करून उभा राहिला. हात मोकळेच होते. बाहेर खुर्च्या ओढल्याचे आवाज येऊ लागले. राजेश पुन्हा दाराशी आला. "कोंडीराम, साहेब इलो रे, चल..." म्हणता म्हणता त्याला आत दिसलं आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

"वहिनी," कोंडीराम हळूच म्हणाला, "हात खाली घेऊ?"

"थांबा," कमल म्हणाली, आणि खडू घेऊन त्याच्या पायाशी बसली. "पाणी कुठे उतरलंय अजून."