बस आठ

माझी बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घरी मला. मी फोटोंना चौकटी करणारा माणूस. तिच्यासमोर नुसतं 'चोवीस बाय अठरा' म्हणायची सोय नाही. लगेच म्हणणार, "चोवीस काय? बटाटे?" एकक न लिहिलेल्या उत्तराला ती शून्य देते, आकडा बरोबर असला तरी. मुलं तिला मागून 'एककबाई' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि आतून आवडतंही.

तिच्या माहेरी मात्र तिचं काही चालत नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे. सकाळी खाण्याआधी सासूबाई त्यांना इन्सुलिन टोचतात आणि त्याचं माप त्या रेघांत सांगतात. सिरिंजवर चाळीस रेघा असतात, त्यातल्या वीस भरायच्या. औषधही एका मिलिलिटरला चाळीस युनिटचं, त्यामुळे एक रेघ म्हणजे एक युनिट. हिशेब आपोआप जुळत होता, म्हणून युनिट हा शब्द त्या घरात कधी शिरलाच नाही. हिनं एकदोनदा समजवायला बघितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव. माझा हात बसलाय." खरंच बसला होता.

आणि मग माझ्या मेहुण्याला आईवडिलांचा पुळका आला. तो लांब राहतो, फोन करायचा राहून जातो, त्याची भरपाई म्हणून त्यानं इन्सुलिनचा खोकाभर साठा पाठवला. सासूबाईंनी कौतुकानं खोक्याचा फोटो काढून हिला धाडला. हिनं तो पाहिला दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या स्कूटरच्या मागे बसून, सिग्नलला.

"अरे, हे शंभरचं आहे," ती म्हणाली. "एका मिलीत शंभर युनिट. जुन्याच्या अडीचपट कडक. आईनं नेहमीसारख्या वीस रेघा भरल्या ना, तर बाबांची साखर इतकी खाली येईल की ते उठायचे नाहीत."

"मग तसंच सांग त्यांना."

"नको. घाबरेल ती, हात थरथरेल तिचा. नुसता आकडा सांगते. वीस भागिले अडीच, आठ."

शाळेच्या फाटकात तिनं फोन लावला. पोरांचा गोंगाट चालला होता, रिक्षावाले भोंगे वाजवत होते. ती ओरडून सांगत होती, "आई, नव्या बाटलीचं माप वेगळं आहे. आज वीस रेघा नाही, बस आठ! हो गं, बस आठ! ठेवते, घंटा झाली."

माझ्याकडे बघून तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि आत पळाली. मला बायकोचा अभिमान वाटला. आणखी काय वाटणार?

दुकानात मात्र माझं लक्ष लागेना. काच कापताना दोनदा वाकडी गेली. सासऱ्यांच्या आरशाची चौकट तयार होतीच, ती पोचवण्याचं निमित्त करून मी दुपारच्या आत तिकडे गेलो.

सासूबाईंनी हसत दार उघडलं. "या जावईबापू. हळू बोला हं, हे परत निजलेत."

"परत?"

"टोचल्यावर म्हणाले, गरगरतंय, जरा पडतो. खाल्लंही नाही काही." टेबलावर ताट झाकलेलं होतं. "नाहीतरी आज बिचाऱ्यांना फारच टोचाटोच झाली. साठ रेघा भरायच्या, आणि सिरिंजवर तर चाळीसच. मग एकदा चाळीस आणि एकदा वीस टोचल्या. औषध पातळ दिसतंय नवं."

"साठ?"

"हो, लेकीनंच सांगितलं. दोनदा विचारून घेतलं मी."

बस आठ. मी मनात भराभर म्हणून पाहिलं. बसाठ, बसाठ. मी आतल्या खोलीत धावलो.

सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. बनियन घामानं चिंब, अंग गार. मी हलवलं, हाका मारल्या. त्यांच्या घशातून नुसता घरघर आवाज आला. मी दवाखान्याची गाडी बोलावली आणि हिला फोन लावला. दोन शब्दांत तिला सगळं कळलं. "गालाच्या आतून साखर चोळ," ती म्हणाली. "पाणी घालू नकोस, ठसकतील." आणि फोन बंद झाला.

"साखर आणा," मी ओरडलो.

"साखर? यांना?" सासूबाई माझ्याकडे वेड्यासारख्या बघत राहिल्या, पण जावई मागतोय म्हणून डबा घेऊन आल्या. आपल्या हातून काय झालंय ते त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी सरळ कच खाल्ली. म्हटलं, "जरा अशक्तपणा आलाय."

दवाखान्यात सासऱ्यांना आत घेतलं, हाताला सलाईन लागलं. डॉक्टर तरुण होती आणि घाईत होती. "इन्सुलिन किती दिलं? नक्की सांगा, त्यावर सगळं अवलंबून आहे."

"साठ रेघा," सासूबाई म्हणाल्या.

"रेघा म्हणजे? युनिट किती?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून आवाज आला. ही उभी होती, बोटांना खडू तसाच.

"चाळीसची सिरिंज, शंभरचं औषध," ती म्हणाली. "साठ भागिले चाळीस, दीड मिली. गुणिले शंभर." ती थांबली. असली गणितं ती झोपेतही करते, पण या उत्तरासाठी तिला भिंत धरावी लागली. "दीडशे युनिट."

डॉक्टरच्या हातातलं पेन थांबलं. "नेहमीचा डोस?"

"वीस."

डॉक्टर धावतच आत गेली. आतून कुणाला तरी भराभर सूचना दिल्याचं ऐकू आलं आणि दार लागलं. ही तिथंच उभी होती. मी तिचा हात धरला तर तो सासऱ्यांच्या अंगासारखाच गार लागला.

सासूबाई बाकावरून उठून तिच्याजवळ आल्या. लेक आली म्हणून त्यांच्या जिवात जीव आला होता. तिच्या बोटांचा खडू त्यांनी पदरानं पुसला आणि हळूच विचारलं, "काय गं, कमी पडलं का?"