चाळीस वाव पाणी

“हे गिबीच्या तोंडी कुणी घातलं?” पाटीवर बोट ठेवून एफीने विचारलं.

मच्छीमारांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. एफी, मी आणि एडिनबराहून पाटी घेऊन आलेला कॅलम. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीची आठवण म्हणून ती धक्क्यावर लागायची होती. मजकूर मीच लिहून पाठवला होता. गिबी म्हणजे एफीचा नवरा, त्या बोटीचा तांडेल. वादळ यायच्या आधी रेडिओवर तो जे शेवटचं बोलला, ते आमच्या बंदरात सगळ्यांना पाठ आहे: ‘चाळीस वाव पाण्यावर आहोत, मासळीचा पत्ता नाही.’ तिथेच बोट गेली. पाटीवर मात्र होतं: ‘त्र्याहत्तर मीटर पाण्यावर आहोत.’

“आमच्याकडे सगळं मीटरमध्येच करतात, मिसेस बुकन,” कॅलम म्हणाला. “आजकालच्या मुलांना वाव कळत नाही.”

“आणि गिबीला मीटर कळत होता का?” मी म्हणाले. “उद्या बायबलातलं नोआचं तीनशे हात लांब तारूसुद्धा मीटरमध्ये बांधाल तुम्ही!”

कॅलमचे कान लाल झाले. पोरगा वाईट नव्हता. “चुकलंच. त्यांचं बोलणं होतं तसंच ठेवायला हवं होतं. पण पाटी ओतून झालीय, आता दुसरी नाही मिळायची.”

माझी जीभ शिवशिवत होती. पण एफी भांडेचना.

“तसं नाही रे पोरा,” ती म्हणाली. “गिबी सापडलाच नाही. थडगं नाही, काही नाही. कुठे आहे तो, तर चाळीस वाव पाण्याखाली, एवढंच मला ठाऊक. दोरी सोडताना दोन्ही हात पसरून मोजायचा ना, तसं चाळीस वेळा. म्हणजे जवळच, असं वाटायचं मला. आणि आता त्र्याहत्तर. किती लांब नेलंस रे त्याला!”

“अंतर तेच आहे हो. फक्त माप बदललंय.”

“कळतं मला ते,” एफी म्हणाली आणि चहा तसाच टाकून बाहेर पडली.

मी मागोमाग गेले. खोलीच्या दारापासूनच धक्क्याचा कठडा सुरू होतो. तिथे तिने दोन्ही हात पसरले, जिथे उजवी बोटं टेकली तिथे डावी आणून ठेवली, पुन्हा हात पसरले. ओठ हलत होते. बोटीत बर्फ भरणारी माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली. कुणी हसलं नाही. वाऱ्याने तिचा रुमाल मानेवर घसरला, तरी तिचं लक्ष नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

चाळीस भरल्यावर ती थांबली. मागे वळून खोलीच्या दाराकडे बघितलं. दारात उभा असलेला कॅलम तिथून चांगला दिसत होता. तिचा चेहरा निवळला.

“बघ रोना, एवढंच तर आहे. हाक मारली तर ऐकू जाईल.”

“हो गं,” मी म्हणाले.

मग ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

“पण हे माझे हात. गिबीचे केवढे लांब होते.”

पुढे धक्का अजून बराच उरला होता. तिने कठड्याला पुन्हा हात लावला आणि पुढे सरकली.